बाबांची अटेनोलॉल बदलायची का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बाबा ६१ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. दहा वर्षांपासून अटेनोलॉल ५० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी रोज सकाळी. वरचं बीपी १५०च्या खाली येत नाही, नाडी मात्र ५२. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, ग्लिमेपिराइड सुरू झाली. गेल्या मे महिन्यात दोनदा चक्कर येऊन खाली बसले. पुण्याचे काका नेबिव्होलॉल घेतात, गावातला मेडिकलवाला म्हणतो मेटोप्रोलॉल घ्या, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की बीपीसाठी या बीटा-ब्लॉकरांपैकी सगळ्यात चांगली कोणती.

मी तालुक्याच्या गावी २६ वर्षं दवाखाना चालवतो. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो, तोही पिशवीतले गोळ्यांचे पत्ते टेबलावर ओतत. माझं उत्तर लोकांना फारसं आवडत नाही. कोणती चांगली ते मागाहून बघू, आधी बाबांना बीटा-ब्लॉकर लागतेच कशाला ते शोधा. नुसत्या बीपीसाठी दिलेली असेल तर बहुधा यातली एकही नको. पण एवढं वाचून उद्याची गोळी चुकवू नका. का, ते पुढे येईलच.

घाबरलो, धावलो, भांडलो की शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटतं. ते हृदयातल्या बीटा-१ नावाच्या जागांवर जाऊन बसतं आणि ठोके वाढतात. बीटा-ब्लॉकर त्या जागा आधीच अडवून बसते. ठोके कमी होतात, हृदयाचा जोर कमी होतो, मूत्रपिंडातून रेनिन कमी सुटतं, आणि या सगळ्यातून बीपी उतरतं. बीटा-२ नावाच्या अशाच जागा फुप्फुसाच्या नळ्यांत आणि हातापायांच्या रक्तवाहिन्यांतही असतात. त्या अडल्या की नळ्या आवळतात, हातपाय गार पडतात. कोणती गोळी हृदयापुरती राहते आणि कोणती सगळीकडे हात घालते, निम्मा फरक तिथेच आहे. उरलेला निम्मा गोळी शरीराबाहेर कोणत्या वाटेनं जाते, लिव्हरमधून की किडनीतून, यावर ठरतो. आपल्या भागात हा दुसरा फरक जास्त नडतो.

जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात प्रोप्रानोलॉल शोधली ती अंजायनासाठी, म्हणजे चालताना छातीत येणाऱ्या कळेसाठी. बीपीही उतरतं हे नंतर लक्षात आलं. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. अटेनोलॉल १९७६ साली आली आणि बीपीच्या बाजारात तिनं घर केलं. दिवसातून एकदा घ्यायची, स्वस्त, आणि नाडीवर बोट ठेवलं की लागू पडल्याचं डॉक्टरला लगेच कळतं. आमची पिढी तिच्यावरच शिकली. पहिली कित्येक वर्षं पन्नाशीतला माणूस १६० बीपी घेऊन आला की मीही सवयीनं अटेनोलॉल लिहून मोकळा व्हायचो.

२००२ साली ‘लाइफ’ नावाचा अभ्यास आला. ९,१९३ रुग्ण, सगळ्यांना बीपी आणि ईसीजीवर हृदयाची भिंत जाड झालेली. निम्म्यांना लोसार्टन (बीपीचीच, पण दुसऱ्या गटातली गोळी), निम्म्यांना अटेनोलॉल. बीपी दोन्हीकडे जवळजवळ सारखंच उतरलं, पण लोसार्टनवाल्यांत लकव्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी निघालं. २००५ साली ‘अ‍ॅस्कॉट’ आला, १९ हजारांवर रुग्णांचा. त्यात अ‍ॅम्लोडिपिनपासून सुरुवात केलेल्यांना अटेनोलॉलवाल्यांपेक्षा लकवा कमी झाला, मृत्यू कमी झाले आणि नव्यानं शुगर निघण्याचं प्रमाणही कमी राहिलं. २००६ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं बीटा-ब्लॉकरला बीपीच्या पहिल्या पसंतीतून काढलं.

मशीनवर बीपी सारखं दिसत असताना असं का व्हावं? एक कारण मला पटतं. प्रत्येक ठोक्याची लाट रक्तवाहिन्यांतून पुढे जाते आणि फाट्यांवर आपटून मागे फिरते. ठोके संथ झाले की एकेक ठोका लांबतो, आणि परतीची लाट हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्यावर येऊन पडते. दंडाला बांधलेल्या पट्ट्याला हे कळत नाही. मेंदूकडे फाटे फुटतात त्या मुख्य धमनीत मात्र दाब चढलेलाच राहतो. अ‍ॅस्कॉटमधल्याच काही रुग्णांत हे मोजलं गेलं. दंडावरचं बीपी सारखं असूनही अटेनोलॉलवाल्यांचा आतला दाब चार मिलिमीटरनं जास्त भरला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. हा सगळा पुरावा मुख्यतः अटेनोलॉलचा आणि बराचसा वयस्क रुग्णांचा आहे. साठीच्या आतल्यांत बीटा-ब्लॉकर इतर औषधांच्या इतक्या मागे पडत नाहीत. युरोपच्या उच्च रक्तदाब संस्थेनं २०२३ साली त्यांना पुन्हा मुख्य पाच गटांत बसवलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच हृदयरोग संस्थेनं ठरवलं की दुसरं सबळ कारण असेल तरच द्या. मोठमोठ्या लोकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण पुण्याच्या काकांची नेबिव्होलॉल बीपीच्या माणसाचा लकवा टाळते असंही मोठ्या अभ्यासात कुणी दाखवलेलं नाही. ती नवी आहे, अंगाला सोसते, एवढं म्हणता येतं.

आपल्याकडे २०१७ च्या शेवटी सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. विदर्भातले वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यातले. त्यात पायरीपायरीनं अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही औषधं आहेत, अटेनोलॉल कुठेच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही अटेनोलॉल गेली, मेटोप्रोलॉल राहिली. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळेनाशी झाली असेल तर डॉक्टर आडमुठे आहेत असं समजू नका.

मग ही गोळी हवी कुणाला? हृदयाचं काही झालेल्याला. हार्ट अटॅक येऊन गेलेला, अंजायना असलेला, हृदयाचा पंप कमजोर झालेला, ठोके अनियमित पळणारा. थायरॉइड वाढल्यामुळे धडधडणारा, हात थरथरणारा, मायग्रेनवालाही. या माणसाला बीपीही असेल तर एका गोळीत दोन कामं होतात. म्हणून बाबांची जुनी फाइल काढा. दहा वर्षांपूर्वी कुणी ईसीजी काढला होता का, छातीत दुखलं म्हणून नेलं होतं का, ते बघा. फाइल सापडली नाही तर आईला विचारा. माणूस विसरतो, बाई विसरत नाही. मागे एका आजोबांनी “कधीच काही झालं नाही जी” म्हणून ठासून सांगितलं, आणि आजी बाजूला बसून म्हणाल्या, “अन् त्या सालच्या पोळ्याले नागपूरले भरती केलं होतं, ते काय मेळ्याले गेल्ते?” कार्ड निघालं. अँजिओप्लास्टी झालेली होती.

इथे मेटोप्रोलॉलचा घोळ सांगायलाच हवा. पंप कमजोर असलेल्या रुग्णांचे मोठे अभ्यास तीनच गोळ्यांचे भक्कम आहेत: बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. १९९९ साली सक्सिनेट आणि बिसोप्रोलॉल या दोघींनी वेगवेगळ्या अभ्यासांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी करून दाखवले. अटेनोलॉलकडे असं काही नाही. पण मेटोप्रोलॉल दोन क्षारांत मिळते. सक्सिनेट चोवीस तास हळूहळू सुटते, दिवसातून एकदा पुरते. टार्टरेट लवकर उतरते, साधी गोळी असेल तर दोनदा लागते. पत्त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, आणि सक्सिनेट की टार्टरेट ते मुंगीच्या अक्षरात.

मागच्या हिवाळ्यात एक भाऊ आले. महात्मा फुले योजनेत नागपूरला अँजिओप्लास्टी झालेली, कार्डावर सक्सिनेट ५० सकाळी एक. गावातल्या मेडिकलवर ती नव्हती, तर “सेमच आहे” म्हणून साधी टार्टरेट ५० दिली. ते इमानदारीनं सकाळी एकच घेत होते. दुपारी नाडी ६४, पहाटे ९२, आणि पहाटेच छाती जड. मी पत्ता उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला, तेव्हा ते अक्षर वाचता आलं. आता मी चिठ्ठीवर सक्सिनेट लिहून त्याखाली दोन रेघा मारतो. सक्सिनेटची गोळी मधल्या खाचेवर तोडून अर्धी घेता येते, पण कुटायची किंवा चावायची नाही. चोवीस तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

अटेनोलॉलची खोड वेगळी. ती लिव्हरमध्ये फारशी मोडतच नाही, जवळजवळ तशीच किडनीतून बाहेर जाते. किडनी मंदावली की ती साठते. अर्धी गोळी उतरायला एरवी सहा-सात तास लागतात, किडनी बिघडल्यावर ते कितीतरी लांबतं. किडनीचं काम (रक्ततपासणीवरून काढतात तो आकडा, मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं ते) ३५च्या खाली गेलं तर दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, १५च्या खाली गेलं तर २५च. आता हे आपल्या मे महिन्याशी जोडा. नवतप्यात पारा ४५च्या पुढे. माणूस सकाळी सहाला वखरणीला जातो, अकरापर्यंत लिटरभर घाम गाळतो, पाणी पितो दोन तांबे. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची गोळी, ती किडनीचं रक्त आणखी आटवते. किडनी सुस्तावते, अटेनोलॉल साठते, नाडी उतरते. नाडी उतरली की किडनीला रक्त अजून कमी. रक्तात पोटॅशियम चढतं, त्यानं नाडी आणखी खाली. चक्र सुरू होतं. डॉक्टरी भाषेत याला ब्रॅश सिंड्रोम म्हणतात.

असा एक पेशंट मी पाहिलाय, त्याला विसरणं शक्य नाही. पासष्टीचे शेतकरी, मुलानं मोटारसायकलवर मध्ये धरून आणले. “बाबाले मुंग्या आल्यासारखं होते, डोयापुढं अंधारी येते.” मनगट गार. नाडी मी दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ३६. पिशवीत दोन पत्ते, दोन वेगळ्या कंपन्यांचे, नावं वेगळी, आणि दोन्हींत अटेनोलॉल. एक आमच्या गावातलं, एक आठवडी बाजाराच्या गावातल्या दवाखान्यातलं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि त्यातला एक मी होतो. सलाइन आणि अ‍ॅट्रॉपिन देऊन १०८ बोलावली, पुढे मोठ्या रुग्णालयात पोटॅशियम उतरवलं, चार दिवसांत ते चालत घरी आले. तेव्हापासून मी पिशवी पूर्ण रिकामी केल्याशिवाय लिहीत नाही. रांगेतले लोक वैतागतात, वैतागू देत.

तुमच्या बाबांना मे महिन्यातच दोनदा चक्कर आली हे वाचून मला म्हणूनच थांबावंसं वाटलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, शेवटचं कधी केलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

उन्हाचं आणखी एक. अंग तापलं की शरीर कातडीकडे रक्त धाडतं आणि त्यासाठी हृदय पळवतं. बीटा-ब्लॉकरवर हृदय पळत नाही. म्हणून उष्माघाताचा धोका वाढतो, आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असली तर अजूनच. हे फक्त अटेनोलॉलचं नाही, सगळ्या बीटा-ब्लॉकरांचं आहे.

बिसोप्रोलॉलबद्दल तक्रार करावी असं मला फार सापडत नाही. अडीच ते दहा मिलिग्रॅम, दिवसातून एकदा खरोखर पुरते, निम्मी लिव्हरमधून निम्मी किडनीतून जाते, म्हणजे एक वाट अडली तरी दुसरी उघडी. बीटा-१ पुरती बऱ्यापैकी राहते. खेड्यातल्या मेडिकलवर नेहमी मिळतेच असं नाही, एवढाच दोष.

नेबिव्होलॉल बीटा-१ ला या सगळ्यांत जास्त चिकटून राहते, आणि रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड सोडून त्या सैल करते. हातपाय गार पडणं, गळाठा येणं कमी. पाच मिलिग्रॅम नेहमीचा डोस, वयस्क किंवा किडनीच्या माणसाला अडीचपासून. ती मी मुद्दाम कुणाला देतो ते स्पष्टच सांगतो. चाळिशी-पन्नाशीचा माणूस गोळी चालू झाल्यावर तीन महिन्यांनी येतो, बीपी पुन्हा १७०, “गोयी घेतो जी रोज” म्हणतो आणि नजर चुकवतो. बायको बाहेर गेली की हळूच, “साहेब, कमजोरी आली.” गोळी त्यानं केव्हाच बंद केलेली असते. जुन्या बीटा-ब्लॉकरांवर ही लैंगिक कमजोरीची तक्रार येते, नेबिव्होलॉलवर कमी येते. पण त्याला हृदयाचं काही नसेल तर सरळ टेल्मिसार्टनवर नेणं मला जास्त बरं वाटतं. आणि बीपी-शुगर स्वतःही हेच करतात, तंबाखू-सुपारीचा खर्राही करतो. सगळं खापर गोळीवर फोडायचं नाही.

कार्वेडिलॉल हृदयासोबत रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा जागाही अडवते. पंप कमजोर असेल तर चांगली, ३.१२५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यायची. दिवसातून दोनदा आणि जेवणासोबतच, उपाशीपोटी घेतली तर उठताना भोवळ येते. शुगर ती अटेनोलॉलसारखी बिघडवत नाही. पण बीटा-२ सोडत नाही, म्हणून दमेकऱ्याला नको.

लाबेटालॉल गरोदर बाईचं औषध म्हणून लक्षात ठेवा. अटेनोलॉल मात्र गरोदरपणात बाळाची वाढ खुंटवू शकते, तेव्हा घरात कुणा तरुण सुनेला अटेनोलॉल चालू असेल आणि दिवस राहिले किंवा राहायचे असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. दमा असलेल्या गरोदर बाईला लाबेटालॉलही नको.

प्रोप्रानोलॉल बीपीसाठी आता जवळजवळ कुणी देत नाही, पण धडधड, थरथर, मायग्रेनसाठी लिहिली जाते. ती मेंदूत शिरते, कुणाला रात्री भलतीसलती स्वप्नं पडतात. तिच्याबाबत माझी एक चूक आहे. पन्नाशीची बाई, हात थरथरतात म्हणून आली. मी प्रोप्रानोलॉल ४० दिली. छातीला स्टेथो लावला होता, तेव्हा आवाज स्वच्छ होता. चौथ्या दिवशी ती बसूनच झोपत होती, श्वास शिट्टीसारखा. विचारलं नव्हतं ते मग विचारलं. बिडी कधी ओढली नाही, पण लग्नापासून चुलीपुढे, कोंदट स्वयंपाकघर, पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा जाळ. चुलीच्या धुरानं फुप्फुसं तिशीतच म्हातारी होतात आणि बाई त्याला “जरा खोकला” म्हणते. गोळी बंद करून तोंडाने ओढायचा श्वासाचा पंप दिला, सुधारली. आता कुठलीही बीटा-ब्लॉकर लिहिण्याआधी मी चुलीची चौकशी करतो. दमा नसेल, फक्त धुराचं किंवा बिडीचं जुनं फुप्फुस असेल आणि हृदयासाठी गोळी हवीच असेल, तर बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल किंवा सक्सिनेट लहान डोसनं, नजरेखाली देता येते.

आता गोळी अचानक बंद करण्याबद्दल. वर्षानुवर्षं बीटा जागा अडवलेल्या असल्या की शरीर तशा आणखी जागा तयार करतं. गोळी एकदम थांबली की साधं अ‍ॅड्रिनलिनही या सगळ्या जागांवर तुटून पडतं. नाडी १२०, बीपी आधीपेक्षा वर, आणि हृदयाच्या नळीत आधीच अडथळा असेल तर अटॅक. एक गृहस्थ शेगावला पायी निघाले, गोळ्यांचा पत्ता घरी विसरले. “देवाच्या वाटेवर काय होते” म्हणून तसेच चालत राहिले. चौथ्या दिवशी रस्त्याकडेला छाती धरून बसले. सोबतच्यांनी गाडीत घालून आणलं. ईसीजी बदललेला होता. त्यांना आपल्याला हृदयाचं दुखणं आहे हेच तोवर माहीत नव्हतं. म्हणून बंद करायची झाली तरी डोस एक ते दोन आठवड्यांत उतरवत न्यायचा, त्या काळात जड काम नाही, आणि बदली औषध आधी सुरू करून. बाहेरगावी जाताना चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, अर्ध्या पिशवीत आणि अर्ध्या खिशात.

शहरातले डॉक्टर ज्याबद्दल सहसा विचारत नाहीत अशा दोन गोष्टी.

पहिली फवारणी. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं अंगात गेली की लाळ गळते, दरदरून घाम येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि नाडी मंदावते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, हे तुम्हाला सांगायला नको. नाडी आधीच ५२ वर बांधलेल्या माणसाला विष आणखी खाली नेतं. दवाखान्यात नेताना बाटली न्या आणि बीटा-ब्लॉकरचा पत्ताही न्या. शक्य असेल तर बाबांनी पाठीवर पंप घेऊच नये. बटाईदार किंवा मजूर फवारत असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहून देखरेख करायची सवयही सोडायला सांगा.

दुसरी साप. सोयाबीन सोंगताना, तुरीत, रात्री ओलीताला गेल्यावर साप चावतो. सापाच्या लसीची कधीकधी जोराची रिअ‍ॅक्शन येते आणि तिच्यावरचं मुख्य औषध अ‍ॅड्रिनलिन. बीटा-ब्लॉकरवरच्या माणसाला ते हवं तसं लागू पडत नाही, ग्लुकागॉन नावाचं दुसरं इंजेक्शन लागू शकतं. डॉक्टरला आधी माहीत असेल तर तो तयारीत राहतो. लस मात्र घ्यायचीच, तिला नाही म्हणायचं नाही. बाबांच्या आधार कार्डामागे गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मोबाइलच्या कव्हरात दुसरी.

शुगरचंही बघा. ग्लिमेपिराइडनं साखर खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, त्यावरून माणूस ओळखतो. बीटा-ब्लॉकर ही दोन्ही लक्षणं झाकून टाकते. घाम तेवढा राहतो. एकादशी किंवा सोमवार धरणाऱ्याला मी सांगतो, बसल्या जागी कारण नसताना घाम फुटला की आधी साखर तोंडात टाका, मग विचार करा. मे महिन्यातली चक्कर उन्हाची, नाडीची की साखरेची, हे घरी ग्लुकोमीटर असता तर कळलं असतं. आणि अटेनोलॉल स्वतःही शुगर थोडी वर ढकलते. बाबांची शुगर तिच्यामुळेच निघाली असं मी म्हणणार नाही, पण चालू ठेवायला ते काही चांगलं कारण नाही.

बाबांच्या बाबतीत मी काय करीन, ते सांगतो. या आठवड्यात ईसीजी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि लघवीतलं प्रोटीन. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसवून, सात दिवस बीपी आणि नाडी वहीत लिहा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, घड्याळ समोर ठेवून. गावातल्या आशाताई दाखवतील. बीपी घ्यायच्या आधी अर्धा तास खर्रा नाही, कारण पन्नीतला खर्रा तोंडात असला की आकडा वर जातोच. नाडी ५०च्या खाली गेली, चक्कर आली, दम लागला तर सात दिवसांची वाट न बघता दवाखाना गाठा. ईसीजीत काही संशय असेल किंवा चालताना छाती भरत असेल तर यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

हृदय साफ निघालं, तर अटेनोलॉलला निरोप. जोडगोळीची अडचण अशी की ती तोडली तर अ‍ॅम्लोडिपिनही अर्धी होते, म्हणून दोन्ही आधी सुट्या करून घ्याव्या लागतात. अ‍ॅम्लोडिपिन ५ तशीच, पोटॅशियम-क्रिएटिनिन ठीक असेल तर टेल्मिसार्टन ४० जोडायची. शुगर आहे, लघवीत प्रोटीन निघालं तर तिचा दुहेरी फायदा. अटेनोलॉल ५० वरून २५ एक आठवडा, मग बंद, नाडी-बीपी वहीत चालूच. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा, कारण टेल्मिसार्टनही किडनीशी जोडलेली आहे, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा ऊन लागलं तर तीही दोन दिवस थांबवावी लागते. हा बदल शक्यतो एप्रिलच्या आत उरका. हे सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर बसून, माझं लिहिणं वाचून घरच्या घरी नाही.

हृदयाचं काही निघालं, तर बीटा-ब्लॉकर राहील, पण अटेनोलॉल नाही. पंप कमजोर असेल तर बिसोप्रोलॉल, सक्सिनेट किंवा कार्वेडिलॉल. पंप ठीक आणि अंजायना असेल तर बिसोप्रोलॉल किंवा सक्सिनेट. अटेनोलॉल ५०च्या जागी बिसोप्रोलॉल ५ ढोबळमानानं बसते, पण नाडी ५२ असताना मी अडीचवरच सुरू करीन. जुना अटॅक निघाला आणि पंप शाबूत असेल, तर गोळी आयुष्यभर हवीच का यावर सध्या वाद आहे. २०२४ साली आलेल्या, मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या पाच हजार रुग्णांच्या अभ्यासात अशा लोकांना फायदा दिसला नाही, पण नंतर आलेल्या अभ्यासांचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवर सोडा.

डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल नावाची गोळी पिशवीत आहे का, तेही एकदा बघा. बीटा-ब्लॉकरसोबत त्या आल्या तर हृदयाचा करंटच अडू शकतो. आणि गुडघ्याच्या गोळ्या बाबा कुठून आणतात ते विचारा, ते तुम्हाला सांगणार नाहीत, आईला विचारा.

रिपोर्ट आले की आकडे आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवा. तोपर्यंत रोजची गोळी आहे तीच, आहे त्याच वेळेला.